एपिक्यूरसचे अखेरचे पत्र

मनुष्याचे नाव त्याच्या पश्चात शब्दकोशात जाऊन बसावे, ही कीर्तीची परमावधी होय असे कोणास वाटेल. परंतु कोशात शिरलेल्या नावाची पुढे काय दशा होते हे ज्यास पाहावयाचे असेल, त्याने एपिक्यूरस ह्या ग्रीक तत्त्ववेत्त्याकडे पाहावे. इंग्रजी भाषेत त्याच्या नावावरून जो शब्द तयार झाला आहे, तो उंची पक्वान्ने व उंची मद्ये ह्यांच्या चोखंदळ भोक्त्यास लावितात. यहुदी धर्मपंडितांच्या बोलीत 'अपिकोरोस' म्हणजे पाखंडी. इटालियन महाकवी डांटे ह्याने तर त्याला व त्याच्या शिष्यांना नरकाच्या सहाव्या वर्तुळात, पेटलेल्या थडग्यांत नेऊन ठेविले आहे. आपल्याकडील इंग्रजी शिकलेल्या वर्गाने ह्याहून सोपा मार्ग पत्करिला; 'ग्रीकांचा चार्वाक' एवढे म्हटले की आपले काम संपले असे त्याला वाटते. चार्वाकाचे मत आपणास बहुतांशी त्याच्या प्रतिपक्ष्यांच्या ग्रंथांतूनच ठाऊक आहे. तेव्हा एका अन्यायाच्या मापाने दुसरा अन्याय मोजण्याचाच हा प्रकार होय.

अलीकडे वारे फिरले आहे. पाश्चात्य देशांत गेल्या काही दशकांत एपिक्यूरसवर जी लोकप्रिय पुस्तके निघाली, त्यांत तो पाव आणि पाणी ह्यांवर राहणारा, मित्रांच्या संगतीत रमणारा, धावपळीला कंटाळलेल्या माणसास शांतीचा मंत्र देणारा एक सौम्य साधुपुरुष म्हणून उभा केलेला आढळतो. जुन्या निंदेपेक्षा हे चित्र सत्याला पुष्कळच जवळ आहे, ह्यात शंका नाही. तथापि निंदकांप्रमाणेच ह्या स्तुतिपाठकांनीही मूळ अडचणीला बगल दिली आहे, असे मला वाटते. सुख हेच जीविताचे एकमेव साध्य, आणि सुखदुःखाची जाणीव हाच बऱ्यावाइटाचा एकमेव निकष, हा एपिक्यूरसचा सिद्धांत. त्याचे स्वतःचे आयुष्य ह्या सिद्धांतात मावते की नाही, हा खरा प्रश्न आहे; आणि तो सोडविण्याचे आपल्या हाती असलेले उत्तम साधन म्हणजे मरणाच्या दिवशी त्याने एका मित्रास लिहिलेले चार ओळींचे पत्र.

त्या पत्राकडे वळण्यापूर्वी साधनांविषयी थोडे सांगितले पाहिजे. एपिक्यूरसने सुमारे ३०० गुंडाळ्या भरतील एवढे लिहिले होते, असे प्राचीन लोक सांगतात. त्यांत निसर्गावरील त्याचा मुख्य ग्रंथच ३७ भागांचा होता. ह्या अफाट लेखनापैकी आज अखंड असे उरले आहे ते म्हणजे तीन पत्रे आणि ४० सूत्रे. तीही डायोजिनिस लेअर्शिअस ह्या चरित्रकाराने आपल्या ग्रंथाचा सबंध दहावा भाग एपिक्यूरसला दिला व त्यात ती उतरून ठेविली, म्हणून. १८८८ साली व्हॅटिकनमधील एका हस्तलिखितात ८१ वचनांचा आणखी एक संग्रह सापडला. इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात गाडल्या गेलेल्या हर्क्युलेनियम नगरीत, एका श्रीमंताच्या वाड्यात, अठराव्या शतकाच्या मध्याला ज्या कोळसा झालेल्या गुंडाळ्या निघाल्या, त्यांतही ह्या संप्रदायाचे पुष्कळ लेखन आहे; त्यांतील बरेचसे फिलोडेमस ह्या अनुयायाचे. त्या गुंडाळ्या उलगडू गेल्यास त्यांचा चुरा होतो. परंतु क्ष-किरणांच्या व गणकयंत्रांच्या साहाय्याने, गुंडाळी न उघडता, तिच्यातील काही स्तंभ वाचण्यात यश आल्याचे २०२४ च्या फेब्रुवारीत जाहीर झाले. तो मजकूरही बहुधा फिलोडेमसचाच असून त्याचा विषय सुख हाच आहे. दुर्मिळ पदार्थ हा सहज मिळणाऱ्या पदार्थापेक्षा अधिक सुख देतो काय, अशी चर्चा त्यात चालली आहे. भोजनभाऊंचा म्हणून हिणविलेला संप्रदाय भोजनाविषयी किती काटेकोर विचार करीत असे, ह्याचा हा ताजा पुरावा म्हणावयास हरकत नाही.

लेखक म्हणून एपिक्यूरसची योग्यता काय, असा प्रश्न वाङ्मयाच्या अभ्यासकाच्या मनात येणारच. प्लेटोच्या संवादांतील नाट्य व विनोद त्याच्याजवळ नाही. हेरोडोटस नामक शिष्यास (इतिहासकार हेरोडोटस तो निराळा) लिहिलेले भौतिकशास्त्रावरील पत्र तर इतके दाटीचे व खडबडीत आहे की वाचकास प्रत्येक वाक्याशी झटावे लागते. मेनीसिअसला लिहिलेले नीतिविषयक पत्र मात्र सुबोध आणि घोटीव आहे. तरुणाने तत्त्वविचाराला उशीर करू नये आणि वृद्धाने त्याचा कंटाळा करू नये, अशा उपदेशाने आरंभ होऊन ते एकाही फाजील शब्दावाचून शेवटास जाते. मनाच्या रोगावर औषध देणाऱ्या वैद्याचा तो आवाज आहे. वैद्याप्रमाणेच त्यात थोडा हुकमीपणाही आहे.

त्याचा जन्म इ. स. पू. ३४१ मध्ये सॅमॉस बेटावर झाला. बाप निओक्लीस हा अथेन्सचा नागरिक. बेटावर वसाहत करण्यास गेलेला, आणि तेथे मुलांची शाळा चालविणारा. पुढे विरोधकांनी 'पंतोजीचा पोर' म्हणून त्याला हिणविले, आणि आई घरोघर मंत्रतंत्र करीत हिंडे व हा तिच्याबरोबर पोथी वाची, अशीही कंडी पिकविली. वयाच्या अठराव्या वर्षी, म्हणजे अलेक्झांडर मरण पावला त्याच सुमारास, तो लष्करी शिक्षणासाठी अथेन्सला गेला. पुढे प्रहसनकार म्हणून गाजलेला मिनँडर हा त्या वेळचा त्याचा सोबती. इतक्यात अलेक्झांडरच्या सेनापतींनी अथेन्सच्या वसाहतवाल्यांना सॅमॉसमधून हुसकून लाविले. घरदार गेलेले ते कुटुंब आशियाच्या किनाऱ्यावरील कॉलोफॉन येथे आश्रयास गेले. राज्यांच्या उलथापालथीत सामान्य मनुष्याच्या पदरी काय येते, ह्याचा धडा ह्या तत्त्ववेत्त्याने ग्रंथांतून घेतला नव्हता. मिटिलीनी व लॅम्पसॅकस येथे काही वर्षे अध्यापन केल्यावर इ. स. पू. ३०६ च्या सुमारास तो अथेन्सला परतला आणि ८० मिना देऊन त्याने नगराच्या वेशीबाहेर एक बाग विकत घेतली. त्याच्या संप्रदायाला 'बाग' हेच नाव पडले.

ह्या बागेत स्त्रिया होत्या, गुलाम होते. लिऑन्टिऑन नावाची गणिका तेथे तत्त्वविचार करी. थेमिस्टा ही लिऑन्टियसची पत्नी नवऱ्यासह येई. मीस हा एपिक्यूरसचा गुलाम असूनही त्याच्या बरोबरीने अभ्यास करी. अथेन्सच्या प्रतिष्ठित समाजास हे रुचणे शक्य नव्हते. स्त्रीपुरुष एके ठिकाणी जमतात आणि सुखाची चर्चा करितात, एवढ्यावरून बाकीचे सर्व कल्पनेने भरून काढण्यात आले. डायोटिमस नावाच्या एका स्टोइक पंथीयाने तर ५० अश्लील पत्रे स्वतः रचून ती एपिक्यूरसच्या नावावर खपविली. मेट्रोडोरस ह्या पट्टशिष्याचा भाऊ टिमॉक्रेटिस संप्रदाय सोडून गेला आणि गुरूला अजीर्णामुळे दिवसातून दोनदा वांती होते असे सांगत सुटला. घरफुटीतून निघालेली बातमी जगास नेहमीच अधिक खरी वाटते.

वस्तुस्थिती काय होती? एका मित्रास त्याने लिहिले की चीजचे एक भांडे पाठवून दे, म्हणजे मनात येईल तेव्हा मला मेजवानी करिता येईल. रोमन स्टोइक सेनेका हा प्रतिपक्षाचा खरा; पण त्याने दिलेली माहिती फार गमतीची आहे. एपिक्यूरस अधूनमधून मुद्दाम अर्धपोटी राहून पाही, की ह्याने सुखात कितीशी उणीव पडते. आणि असा एक दिवस आपला खर्च एका क्षुल्लक नाण्याहूनही कमी आला, मेट्रोडोरसची प्रगती अद्याप तितकी झाली नसल्यामुळे त्याला मात्र ते नाणे सबंध लागले, असे त्याने पत्रात नमूद केले होते. उपवासाचाही हिशेब ठेवणारा हा गृहस्थ थोडासा हसवितो. पण त्याच्या विचाराची सगळी किल्ली ह्या हिशेबातच आहे.

तो हिशेब असा. सर्व प्राणी जन्मतःच सुखाकडे ओढ घेतात व दुःखापासून पळतात. ह्यास प्रमाण लागत नाही. परंतु सुख म्हणजे काय? तहान भागत असताना जे वाटते ते एक सुख. तहान भागल्यानंतर, काहीही हवे नसताना, जी स्थिती असते ते दुसरे. सामान्य लोक पहिल्यामागे धावतात. एपिक्यूरसच्या मते दुसरे हेच पूर्ण सुख; शरीराला व्यथा नाही आणि मनाला क्षोभ नाही, ह्यापलीकडे सुखाची वाढ होत नाही, त्याचे केवळ प्रकार बदलतात. म्हणून वासनांची निवड करावयाची. अन्न, पाणी, निवारा ह्यांची वासना स्वाभाविकही आहे व आवश्यकही आहे. पक्वान्नांची स्वाभाविक पण अनावश्यक. पुतळे, मुकुट आणि अधिकार ह्यांची स्वाभाविकही नाही आणि आवश्यकही नाही. जे आवश्यक ते सृष्टीने सुलभ करून ठेविले आहे. जे दुर्लभ ते आवश्यक नाही. मनाचा क्षोभ होतो तो मुख्यतः दोन भयांनी, देवांच्या कोपाच्या आणि मृत्यूच्या. त्याच्या परमाणुवादाचा सगळा खटाटोप ही दोन भये घालविण्यासाठी आहे. विश्व परमाणू व पोकळी ह्यांचे बनलेले; देव आहेत, पण ते आपल्या आनंदात मग्न असून मनुष्याच्या भानगडीत पडत नाहीत; आत्माही परमाणूंचाच असल्यामुळे शरीराबरोबर विखुरतो. आपण असतो तोवर मृत्यू नसतो आणि मृत्यू येतो तेव्हा आपण नसतो. मग भ्यावयाचे कोणी आणि कशाला?

भौतिकशास्त्रासंबंधी येथे अधिक लिहिण्याचे कारण नाही. डेमोक्रिटसचा परमाणुवाद घेऊन त्यात परमाणूंच्या किंचित तिरपे जाण्याची जी भर संप्रदायाने घातली, व जिच्या आधारे मनुष्याच्या इच्छास्वातंत्र्याला जागा करून दिली, ती आपणास ल्युक्रीशियसच्या काव्यातून कळते. कार्ल मार्क्सने १८४१ साली डॉक्टरच्या पदवीसाठी जो प्रबंध सादर केला, तो डेमोक्रिटस व एपिक्यूरस ह्यांच्यातील भेदावरच होता. परंतु स्वतः एपिक्यूरसला शास्त्राची जिज्ञासा शास्त्रासाठी नव्हती. ग्रहणे, वीज, भूकंप ह्यांची एकाच गोष्टीला चार-चार कारणे तो देतो, आणि त्यांतील कोणतेही घ्या, देवाचे मात्र घेऊ नका, एवढ्यावर समाधान मानितो. ज्याला सत्यापेक्षा शांती प्रिय, त्याच्या हातून विज्ञान पुढे जात नाही. त्याच्या संप्रदायात पाच शतके ह्या विषयात नवे असे फारसे काही निपजले नाही, ह्याचे कारण येथेच आहे. शिष्य गुरूची सूत्रे पाठ करीत. सिसेरोच्या काळी तर पेल्यांवर आणि अंगठ्यांवर त्याची प्रतिमा कोरून घेत. देवांच्या भयातून सोडविणाऱ्याचाच देव झाला!

आता त्या पत्राकडे येऊ. इ. स. पू. २७० च्या सुमारास, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, एपिक्यूरसला मूतखड्याचा विकार होऊन मूत्र अडले. चौदा दिवस तो पडून होता. शेवटी त्याने कढत पाण्याने भरलेल्या काशाच्या टाकीत बसून पाणी न घातलेले मद्य मागून घेतले, ते प्याला, आपली शिकवण विसरू नका असे मित्रांना सांगितले आणि प्राण सोडला. मरणापूर्वी त्याने लिहविलेले हे पत्र डायोजिनिसच्या मते इडोमेनियसला, सिसेरोच्या मते हर्मार्कसला आहे. बहुधा एकाच आशयाची पत्रे अनेकांस गेली असावीत. आशय असा. आजचा हा दिवस धन्य आहे आणि माझा अखेरचा आहे. मूत्रावरोधाच्या व आतड्यांच्या यातना इतक्या आहेत की त्यांहून अधिक होऊच शकत नाहीत. परंतु आपली जी संभाषणे झाली त्यांच्या स्मरणाने मनात जो आनंद होत आहे, तो मी ह्या सर्वांच्या समोर उभा केला आहे. तू लहानपणापासून माझ्याशी व तत्त्वविचाराशी जसा वागलास, तसाच मेट्रोडोरसच्या मुलांचा सांभाळ कर.

हे पत्र वाचताना पहिली गोष्ट ध्यानात येते ती ही, की त्याच्या सूत्रांतील दुःखावरचे सर्वांत प्रसिद्ध औषध त्याने येथे वापरलेलेच नाही. तीव्र दुःख अल्पकाळ टिकते आणि दीर्घकाळचे दुःख सौम्य असते, असे ते औषध. माझ्या मते त्याच्या साऱ्या नीतिशास्त्रात ह्याहून लंगडे विधान नाही; रुग्णाच्या उशाशी एक रात्र काढिलेल्या कोणासही ते पटणार नाही. येथे तर यातना परमावधीच्या आहेत असे तो स्वतःच म्हणतो, आणि त्या चौदा दिवस पुरल्या. सूत्र खोटे ठरले. पण तो सूत्राचा आधार मागतच नाही. तो आधार मागतो स्मृतीजवळ, आणि तीही कोणत्या? उद्यानातल्या छायेची नाही, भोजनाची नाही. मित्राबरोबर केलेल्या संभाषणाची.

सिसेरोने इ. स. पू. ४५ मध्ये, म्हणजे ज्या वर्षी त्याची लाडकी कन्या टुलिया वारली त्याच वर्षी, परम साध्याविषयीचा आपला ग्रंथ लिहिला. त्याच्या दुसऱ्या भागात तो ह्या पत्राला हात घालितो. एखाद्या निष्णात वकिलाने प्रतिपक्षाच्याच कागदपत्रांवरून प्रतिपक्ष हाणून पाडावा तसा तो प्रकार आहे. पत्र उदात्त आहे, सिसेरो म्हणतो; परंतु ते एपिक्यूरसच्या मताशी जुळत नाही. सर्व सुखाचे मूळ अखेर शरीरात, असे म्हणणाऱ्याने शरीर यातनांनी भरले असता मनाच्या आनंदाची गोष्ट कशी बोलावी? मेल्यावर आपणास काहीच नाही, तर मृत्युपत्र करून आपल्या स्मृत्यर्थ उत्सव चालू ठेवण्याची तरतूद कशास? आणि मित्राच्या पोरक्या मुलांची चिंता कशास? ती चिंता एपिक्यूरसचा चांगुलपणा दाखविते, त्याच्या सिद्धांताचा नव्हे.

आक्षेप जबर आहे. संप्रदायाच्या बाजूने उत्तर देता येत नाही असे नाही. मन भूत व भविष्य दोन्ही पाहू शकते, शरीर केवळ वर्तमान भोगते, म्हणून मनाची सुखे मोठी, असे एपिक्यूरसने आधीच सांगून ठेविले होते. तेव्हा स्मृतीच्या आनंदापुरता सिसेरोचा बाण चुकतो. मुलांच्या बाबतीत मात्र उत्तर सुचत नाही. मुले सुखी होतील ह्या विचाराने मरणाऱ्यास त्या घटकेला सुख झाले, म्हणून त्याने तसे लिहिले, असे कोणी म्हणेल. पण हे म्हणणे उलटे आहे. त्यांच्याविषयी आधीच माया होती म्हणून त्या विचाराने सुख झाले. सुख व्हावे म्हणून कोणी माया उत्पन्न करीत नाही. मेट्रोडोरस वारून सात वर्षे झाली होती. त्याच्याकडून आता कसलीही परतफेड होणार नव्हती, आणि मुलांकडून झाली असती तरी ती घ्यावयास एपिक्यूरस उरणार नव्हता. हिशेबाच्या वहीत ही रक्कम कोणत्याही बाजूला बसत नाही.

मैत्रीविषयीच्या त्याच्या इतर उद्गारांतही हीच ओढाताण दिसते. शहाणपण जी जी साधने मिळवून देते त्यांत मैत्रीसारखे मोठे दुसरे नाही, असे तो एका सूत्रात सांगतो. येथे मैत्री हे साधन आहे. परंतु शहाणा मनुष्य प्रसंगी मित्रासाठी प्राणही देईल, असेही त्याचे मत नोंदलेले आहे. प्राण देणाऱ्यास कसले सुख आणि कसला निश्चिंतपणा? व्हॅटिकनच्या संग्रहात एक वचन आहे. त्याचा रोख असा की मैत्रीचा उगम उपयोगात असला तरी मैत्री स्वतःच एक सद्गुण आहे. हस्तलिखितात 'सद्गुण' हाच शब्द आहे. पण वाक्याचा मेळ बसत नाही म्हणून संपादकांनी एकदोन अक्षरे बदलून 'स्वतःच ग्राह्य आहे' असा पाठ सुचविला, आणि बहुतेकांनी तो स्वीकारिला. पंडितांचा वाद त्या अक्षरावर अजून चालू आहे. मला त्याचे महत्त्व वेगळे वाटते. कोणताही पाठ घेतला तरी वाक्याच्या पूर्वार्धात सिद्धांत बोलतो आणि उत्तरार्धात मनुष्य. पायथॅगोरसच्या शिष्यांप्रमाणे मित्रांनी आपले धन एकत्र करावे, हे एपिक्यूरसला मान्य नव्हते. कारण तसे करणे हे परस्परांवरील अविश्वासाचे लक्षण होय, आणि जेथे विश्वास नाही तेथे मैत्री नाही. ज्याने आयुष्यभर सुखाचे तोलमाप केले, त्याने मित्रांमध्ये मात्र वही ठेवू दिली नाही.

मृत्यूसंबंधीही तेच. माझे मरण मला काही नाही, हा त्याचा युक्तिवाद आपापल्या भीतीवर लागू पडतो, आणि मला तो आजही पुष्कळ अंशी बिनतोड वाटतो. परंतु मनुष्याला स्वतःच्या मरणापेक्षा दुसऱ्याचे मरण अधिक जाळते. त्यावर ह्या युक्तिवादात एक अक्षर नाही. सुदैवाने एपिक्यूरस येथेही युक्तिवादावर थांबला नाही. प्लुटार्क हा ह्या संप्रदायाचा कट्टर विरोधक. पण त्याच्याच लेखनावरून कळते की हेजेसिआनॅक्स नामक मित्राच्या मृत्यूनंतर एपिक्यूरसने त्याच्या बापास व भावास पत्र लिहिले होते, आणि मित्राच्या मरणाने ज्याचे डोळे भरून येत नाहीत त्याच्या त्या कोरडेपणाच्या मुळाशी शोकाहूनही मोठा दोष आहे, असे ह्या मंडळींचे मत होते. स्टोइकांच्या ओठांवर हे शब्द कधी आले नसते.

एवढे त्याच्या बाजूने मोकळेपणाने मान्य केल्यावर, त्याच्याविरुद्ध जे बोलावयाचे तेही स्पष्ट बोलले पाहिजे. एपिक्यूरसची माया बागेच्या कुंपणापाशी थांबते. राजकारणात पडू नका, लोकांच्या नजरेआड राहून जगा, असा त्याचा उपदेश होता. इ. स. पू. २९५-२९४ मध्ये डिमिट्रियसने अथेन्सला वेढा घातला. नगरात इतका दुष्काळ पडला की छपरावरून पडलेल्या एका मेलेल्या उंदरासाठी बाप-लेक एकमेकांवर तुटून पडले, असे प्लुटार्क लिहितो. आणि लागलीच सांगतो की त्या दिवसांत एपिक्यूरस आपल्या मंडळींना घेवड्यासारखे दाणे मोजून वाटून देत असे व त्यावर त्याने त्यांना जगविले. हे चित्र मनातून जात नाही. पन्नाशीकडे झुकत चाललेला गुरू दाणे मोजतो आहे. स्वतःच्या वाटणीला इतरांहून एकही अधिक घेत नसावा, असा आपला भरवसा वाटतो. पण त्या बापाचे आणि त्या लेकाचे काय? ते बागेत नव्हते. न्याय म्हणजे एकमेकांस उपद्रव न करण्याचा करार, अशी त्याची व्याख्या आहे. त्या व्याख्येने बागेबाहेरच्या उपाशी मनुष्याचे एपिक्यूरसकडे काहीच देणे निघत नाही. वेशी कोणी राखल्या म्हणून बाग शाबूत राहिली, हा प्रश्न त्याने विचारलेला नाही. घरदार उद्ध्वस्त झालेल्या मुलाने मोठेपणी कुंपण घालावे हे समजण्यासारखे आहे. परंतु पोटापुरते मिळविणाऱ्या, चार पुस्तके बाळगणाऱ्या, सार्वजनिक कामाच्या चिखलाला कंटाळलेल्या आपल्यासारख्या मध्यमवर्गीयाला ही शिकवण इतकी गोड लागते, म्हणूनच ती सावधपणे घ्यावयास हवी. त्या गृहस्थाला बागेतील पाव-पाण्याचा नियम नको असतो. कुंपण तेवढे हवे असते.

अनुयायांनी हे कुंपण पुष्कळदा ओलांडिले, हेही नमूद केले पाहिजे. सीझरविरुद्ध कट करणारा कॅशियस हा ह्याच पंथाचा होता. लिशिया प्रांतातील इनोआंडा गावच्या डायोजिनिस नामक वृद्धाने तर इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात एपिक्यूरसची शिकवण गावातील सार्वजनिक मंडपाच्या भिंतीवर कोरून काढिली. नागरिकांसाठी, परकीयांसाठी आणि अद्याप जन्मास न आलेल्यांसाठी. आपण आयुष्याच्या मावळतीला आलो आहो, आणि लोक साथीच्या रोगात सापडल्यासारखे एकमेकांपासून खोट्या समजुती घेत आहेत, तेव्हा औषध चव्हाट्यावर ठेविले पाहिजे, असे त्याने कारण दिले आहे. १८८४ पासून त्या भिंतीचे तुकडे आजच्या तुर्कस्तानातील त्या टेकडीवर सापडत आले आहेत. नजरेआड राहण्याच्या उपदेशाचा ह्याहून मनोहर भंग दुसरा नसेल.

मृत्युपत्रात एपिक्यूरसने मीसला व आणखी तीन गुलामांना मुक्त केले, मेट्रोडोरसच्या मुलाची व मुलीची सोय लाविली, आणि बाग हर्मार्कस व त्याच्यामागून येणारे गुरू ह्यांच्या उपयोगासाठी ठेविली. दोन शतकांनंतर नगरातील त्याचे घर पडून केवळ भिंतींचे अवशेष उरले होते. आणि गेयस मेमियस ह्या रोमन सरदाराने तेथे स्वतःसाठी इमारत बांधण्याची परवानगी अथेन्सच्या सभेकडून मिळविली होती. ल्युक्रीशियसने आपले काव्य ज्याला उद्देशून लिहिले तो मेमियस हाच, असे मानितात. संप्रदायाचा त्या वेळचा प्रमुख पॅट्रो हा काकुळतीस आला. इ. स. पू. ५१ मध्ये सिलिशियाच्या सुभेदारीवर जाताना सिसेरो अथेन्सला थांबला, तेव्हा पॅट्रोने त्याची भेट घेतली. मेमियस आदल्याच दिवशी मिटिलीनीकडे निघून गेला होता. सिसेरोने त्याला पत्र लिहिले: तत्त्वज्ञानात माझे पॅट्रोशी मुळीच जमत नाही, त्याच्या म्हणण्यात थोडा हटवादीपणाही असेल, पण मित्राच्या आग्रहाखातर विनंती करितो की त्या पडक्या भिंतींना हात लावू नये. मेमियसने बांधकामाचा बेत सोडून दिला होता.